पेवातली बर्गंडी

दौलत, तुझ्या बाटल्या अजून खालीच आहेत. मळ्यातल्या पेवावर दगड परत बसवलाय आणि आपल्या गड्यानं, किसननं, वर बाभळीचे काटे टाकलेत. अमरावतीच्या वेशीतून मळ्याकडे येणारी माणसं तिथं आली की बोलणं थांबवतात आणि पावलं उचलतात. मी मात्र रोज जाऊन बसते. घरात बसवत नाही. घरात तो वास येतो.

चूल पेटवली की येतो, तुझी पेटी उघडली की येतो, आणि मागं एकदा तर ताकाच्या भांड्यातून आला. मी गोदाला विचारलं, "तुले येते का वं?" ती म्हणाली, "कायचा?" आणि पीठ मळत राहिली. परवापर्यंत तुझी बायको एवढंच बोलत होती. तू गेल्यापासून ती रडली नव्हती, दौलत. पाठचा भाऊ गेला म्हणून मी ऊर बडवत होते आणि ती तुळशीपाशी कोरड्या डोळ्यांनी बसली होती. ती का रडली नाही आणि परवा काय झालं, ते तुला सांगायचं आहे. तू शिकवलेल्या अक्षरांनी तुलाच लिहिते आहे, म्हणजे बघ.

अक्षरं तू मला कापसाच्या गठाणींवरून शिकवलीस. माझं कपाळ पांढरं झालं आणि मी माहेरी परत आले तेव्हा तुला मिसरूडही फुटलं नव्हतं. वखारीतल्या गठाणींवर काजळीनं नावं उमटवलेली असायची, ती तू पाहून यायचास आणि कोळशानं ओट्यावर काढायचास. "हा अकोल्याचा अ, अक्का. अक्काचा बी हाच अ." बाई शिकली तर घर बुडतं, असं बळीरामकाका म्हणाले. तू म्हणालास, बुडलं तर कापसाच्या गठाणीवर बसून तरंगू. काकांना तो टोला अजून विसरता आलेला नाही, हे मला दहाव्याला कळलं.

मग तुझी दलाली सुरू झाली, अमेरिकेत लढाई पेटली आणि जगाला वऱ्हाडाच्या कापसाची आठवण झाली. बाजारात रुमालाखाली हात घालून बोटांनी भाव ठरवायचे, आणि त्या बोटांत तुझी बोटं सगळ्यांत मऊ. तुझा फ्रेंच साहेब कापूस घ्यायला त्याच गर्दीत आला. गळ्यात साखळीला चांदीची एक उथळ वाटी बांधून फिरायचा. बाजारातली माणसं विचारायची, "हा कोनता देव गळ्यात घालून राहिला बाप्पा?" देव नव्हता, दारू चाखायची वाटी होती. त्याच्या मुलखात द्राक्षाची दारू करणारे ती खिशात, गळ्यात घेऊनच हिंडतात म्हणे. एका दिवाळीला त्यानं तुला तशीच वाटी आणि एक बाटली दिली. तू ती उपरण्याखाली घालून अशी आणलीस, जशी कोणाची कोंबडी चोरून आणावी.

वाटी पाहून गोदा किंचाळली, "ही माही कुंकवाची वाटी हाये काय?" आणि देवघराकडे पळाली. तिची वाटी जागेवर होती. तरी दोन्ही वाट्या शेजारी ठेवून तिनं नीट पाहून घेतल्या. आपण दोघं हसून हसून ओसरीवर लोळलो होतो. ते हसणं मी आठवते आणि मग मला त्याच ओसरीवर बसवत नाही.

साहेब तिला बुर्गोन्य म्हणायचा, मुंबईचा पारशी व्यापारी बर्गंडी, आणि आपलं गाव बरगुंडी. तुला नावाचं काही नव्हतं. तुला त्या दारूतलं साल पकडायचं होतं. तू सांगायचास, तिथं एक लांबलचक टेकडी आहे, तिच्या उतरणीवर द्राक्षाची वावरं, आणि धुऱ्याच्या, बांधाच्या अलीकडची दारू वेगळी नि पलीकडची वेगळी. शिवाय दर वर्षीची वेगळी. पाऊस जास्त झाला तर पातळ, ऊन चांगलं पडलं तर भरलेली. मी म्हटलं, यात नवल ते काय? कापसाचं दुसरं काय असतं? तू टाळी दिलीस. "तेच तर, अक्का! थे लोक आपल्यासारखेच हाये. फक्त आपन नेसतो, थे पेतात."

पण गोदाला टाळी देता येत नव्हती. तिचा बाप दारूनं गेला. नाल्यात पडलेला बाप तिनं लहानपणी आईबरोबर ओढून घरी आणला होता. तुझी बाटली पाहिल्यावर तिनं जेवण सोडलं. तेव्हा तू तिच्या डोक्यावर हात ठेवून, माझ्यादेखत, म्हणालास, "तुही आन. घशाखाली थेंब जानार नाई. तोंडात घेईन आन थुकीन." अशी शपथ कोणी ऐकलीय का कधी? पण तिनं ऐकली आणि ती जेवली. तुझी हौस चालली ती त्या शपथेवर.

आणि तू ती पाळलीस. दिवेलागणीच्या आधी, उजेड आहे तोवर, तू मागच्या अंगणात बसायचास. वाटीत दोन घोट ओतायचे, वाटी कलती करून चांदीवर रंग पाहायचा, वास घ्यायचा, तोंडात घोळवायची आणि कण्हेरीच्या बुडाशी चूळ टाकायची. गावात हसू झालं. सोन्याच्या भावाची दारू आणून दौलतराव कण्हेरीला पाजतो! मीही एकदा चिडून म्हटलं, "गिळायची नाई तर आनते काहून?" तू म्हणालास, "गानं आयकून कोनी गिळते काय, अक्का?" तुझ्यापुढं माझं शहाणपण म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. ती चूळ टाकल्याचा आवाज मला अजून येतो. संध्याकाळी गोदा तांदळाचं धुवण तिथंच टाकते, आणि मी दर वेळी मान वळवते.

मग तू मला त्यात ओढलंस. माझ्या नाकाचा घरात दरारा होता. लोणचं बिघडायच्या आधी मला कळायचं, आणि सोयरे आले की कोणाच्या घरचं तूप जुनं आहे हेही कळायचं, ते मी तोंडावर बोलून दाखवायची म्हणून आई कपाळाला हात लावायची. तू वाटी माझ्यापुढं धरलीस. विधवा बाईपुढं दारूची वाटी! मी म्हटलं, दूर हो. तू म्हणालास, "वासाले कायचं सोवळं? देवळात पेटलेला धूप उष्टा असते काय?" मी वाकले. आणि दौलत, वेशीबाहेर सुद्धा एकटी न गेलेली मी, त्या वाटीत एक परका डोंगर पाहिला. तुझे उपकार कशाकशाचे मोजू? तुझ्यामुळं माझ्या विधवापणाला एक खिडकी होती.

पहिली पेटी वैशाखात बैलगाडीनं आली आणि उन्हानं आंबून आली. मी म्हटलं, लोणच्यात घाल. तू दोन दिवस माझ्याशी बोलला नाहीस. पुढच्या पेट्या तू हिवाळ्यातच मागवायला लागलास, गाडीवर ओली गोणपाटं टाकून. लढाईच्या आदल्या सालची आली, ती अगदी पांचट, पाणी घातलेल्या ताकासारखी. त्या वर्षी तिकडं पावसानं द्राक्षं सडली होती, असं साहेबानं नंतर सांगितलं. तू खूश झालास, जणू तो पाऊस तूच पाडला होतास. त्यापुढचं साल जरा बरं, त्यापुढचं आणखी बरं. तू बाजारातून आलास की आधी इकडच्या बोंडअळीचं सांगायचास आणि मग तिकडच्या उन्हाचं.

आपलं भांडण तिथंच सुरू झालं. तू म्हणायचास, साल मोठं. मी म्हणायची, वावर मोठं. वाईट सालातही चांगलं वावर आपलं बीज सोडत नाही. एकदा तू एकाच सालच्या दोन बाटल्या दोन वाट्यांत ओतून मला पारखायला लावल्यास आणि मी छातीठोकपणे उलटं सांगितलं. त्यावर तू पोळ्यापासून संक्रांतीपर्यंत मला चिडवलंस. "अक्काले वावर दिसते म्हने!" तेव्हापासून मी आणखी हट्टाला पेटले. तो वाद तसाच राहिला. आता मी एकटी दोन्ही बाजूंनी भांडते, आणि तुझी बाजू मांडताना माझाच आवाज तुझ्यासारखा होतो. मध्यंतरी किसन दचकून मागं पाहत होता.

पेवाचं तुझ्या डोक्यात आलं ते त्याच सुमारास. मळ्यातलं पेव त्या वर्षी रिकामं होतं. तू भर उन्हात त्याच्या तोंडाशी पालथा पडलास आणि आत हात घालून ओरडलास, "अक्का, आत चैतात बी थंडं हाये वं!" जमिनीच्या पोटात खणलेलं ज्वारीचं कोठार ते, थंड नसेल तर काय. साहेबाच्या मुलखात बाटल्या तळघरात निजवतात. तू पेव आतून शेणमातीनं सारवून घेतलंस, खळ्यावरचं कुटार पोत्यांनी नेऊन तळाशी अंथरलंस आणि त्या भुशात बाटल्या आडव्या केल्यास. अंगाईच तेवढी म्हणायची राहिली होती.

"दिवा सोडल्याबिगर उतरू नको," मी म्हणायची. हे काही मी माझ्या मनानं काढलेलं नव्हतं. पेवाचा दगड सरकवला की आधी ते उघडं ठेवायचं, मग दोरीला दिवा बांधून खाली सोडायचा. दिवा जळत राहिला तर माणसानं उतरायचं, विझला तर थांबायचं. बाबांनी तुला बोट धरून शिकवलं होतं.

"थे दान्याच्या पेवाचं," तू म्हणायचास. "दाना घुसमटते म्हनून हवा मरते. इथं दाना कुठं हाये?"

"कुटार हाये ना."

"कुटार काय श्वास घेते?"

"पेव ते पेव, दौलत."

"आन तेलाचा धूर बुचाले लागला म्हंजे? मंग तूच म्हनशील, हे साल धुरकट हाये."

हे शेवटचं तू इतक्या गोडीनं म्हणायचास की माझा राग निवायचा. उन्हाळ्याहिवाळ्यात तू कितीदा दिव्याशिवाय उतरलास आणि हसत वर आलास. त्यामुळं तुझंच खरं ठरत गेलं.

मग लढाई संपली आणि कापसाचा बाजार बसला. तुझ्या किती सोबत्यांच्या गाद्या उठल्या. बैलांच्या शिंगांची चांदी लोकांनी काढून ठेवली, मग मोडली. त्या दिवसांत साहेब एकदा आपल्या ओसरीवर आला, तुझ्या खांद्यावर हात ठेवून त्याच्या त्या हिंदुस्तानीत म्हणाला, "दौलत, तुम्हारा साल खराब. हमारा साल बहुत अच्छा. ऐसा धूप मेरी माँ ने नहीं देखा." दुसऱ्या कोणाला राग आला असता. तू त्याला म्हणालास, "मग हमको वो धूप भेजो."

ते साल यायला पुढं काही वर्षं गेली. तोवर आगगाडी आली, साहेबानं बिऱ्हाड अकोल्याला हलवलं, तुझ्या कानशिलावरचे केस पिकले. पेटी बडनेऱ्याला उतरली तेव्हा तू ती छकड्यात मांडीवर घेऊन बसलास. मी म्हटलं, उघड. तू म्हणालास, नाही. साहेबाचं सांगणं होतं, "बोतल थकी है, उसको सोने दो." एक पावसाळा तिला निजू द्यायचं ठरलं. त्या पावसाळ्यात मळ्यात पाणी तुंबलं, बांध फुटला, आणि खाली भुशात ओल गेली असेल हे आपल्यापैकी कोणाच्या मनातही आलं नाही.

पोळा झाला आणि अकोल्याहून निरोप आला की साहेब कायमचा आपल्या देशी निघाला. त्याला आगगाडीवर बसवायला जायचं आणि त्या सालची बाटली त्याच्यासमोर उघडायची, असं तू ठरवलंस. गाळ खाली बसावा म्हणून ती आदल्या दिवशी काढून उभी ठेवायची होती. सकाळी तू कडुनिंबाची काडी चावत ओसरीवर थांबलास. "अक्का, उद्या अकोल्याले जाऊन राहिलो. पन पयला वास तुहाच. साहेबाच्या आधी तुह्या नाकाले." मी म्हटलं, "जा लवकर, भाकर थंडी होते." याहून मोठं काही बोलायला हवं होतं. पण मळ्यात जाऊन येणाऱ्या माणसाशी कोण मोठं बोलतं?

पुढचं किसननं सांगितलं तेवढंच मला ठाऊक. त्यानं दगड सरकवला, तू दोरी धरून लगेच उतरलास. तू बाटली उचललीस, वर पाहिलंस, काहीतरी बोललास. मग डुललास. मग खाली बसलास आणि आडवा झालास. किसन पेवात आधी दिवा सोडणाऱ्यांच्या घरात वाढलेला, त्यानं पेवात उडी टाकली नाही, बोंब मारली. नाही तर तोही तुझ्याशेजारी पडला असता. लोक धावून आले, लिंबाच्या फांद्यांनी आत वारा घातला, आकडे टाकून तुला वर ओढलं. बाटली तुझ्याखाली फुटली होती. तुझं धोतर, तुझी बंडी, सगळं त्या दारूनं चिंब झालं होतं.

मी धावत आले तेव्हा तुला कडुनिंबाखाली ठेवलं होतं. मी वाकले आणि तो वास आला. पिकून झाडाखाली पडलेली, उन्हानं तापलेली जांभळं. त्यामागून कवठाच्या कवचीचा कोरडा वास. त्यामागून नवं चामडं, मग ओली माती, पण आपली नाही, दुसरीच कुठली. संपेचना. एवढ्या मोठ्या सालची बाटली आपल्या अंगणात कधी उघडली नव्हती. समोर माझा भाऊ पडला होता आणि माझं नाक साल पारखत होतं. मी थांब म्हटलं तरी ते थांबेना. पहिला वास मला द्यायचा तू कबूल केला होतास, तो असा दिलास. हा वास आता मला सोडणार नाही, दौलत. मी त्याला सोडायचा प्रयत्नही केला, अंगाला राख चोळली, कापूर हुंगला. तो आत बसला आहे.

मग मी तुझ्या तोंडाशी नाक नेलं. तिथं दारू नव्हती. कडुनिंबाच्या काडीचा कडवट वास होता, दुसरं काही नाही.

मी ते तिथंच मोठ्यानं सांगितलं. पण सगळ्या गर्दीला तुझ्या कपड्यांचा वास येत होता, आणि किसन बिचारा विचारील त्याला खरं तेच सांगत होता, मालक डुलले, बसले, आडवे झाले. यातून कोणी काय समजायचं? बळीरामकाका म्हणाले, "झिंगून पडला, दुसरं काय?" मी म्हटलं, "त्याच्या तोंडाले वास नाई, काका." ते म्हणाले, "बहीन हाये तू. बहीन दुसरं काय सांगन?" उचलली जीभ लावली टाळ्याला. गोदा माझ्यामागं उभी होती. तिनं तुझ्या बंडीकडे पाहिलं आणि डोक्यावरून पदर ओढून घेतला. ज्या डोक्यावर तू हात ठेवला होतास, त्यावरून.

दहाव्याला कावळा शिवेना. ऊन चढलं, माणसं कंटाळली. तेव्हा काकांनी कुठून तरी देशी दारू मागवली आणि पिंडावर शिंपडली. कावळा आला. आला असेल, कावळाच तो, कधी ना कधी येणारच होता. पण नदीवरून माणसं परतली ती हसू दाबत, आणि गावभर झालं की दौलतरावाचा जीव बाटलीत अडकला होता. गोदानं ते ऐकलं त्या दिवसापासून तिचं बोलणंही एकेका शब्दावर आलं. तिच्या लेखी तिचा बाप दुसऱ्यांदा नाल्यात पडला होता, आणि या वेळी खोटी शपथ घेऊन. मी किती परीनं सांगितलं. ती ऐकून घ्यायची आणि भांडी घासायला उठायची. तुझी आठवण म्हणून एक तसबीरही घरात नाही, तुझी चांदीची वाटी तेवढी होती. ती तिनं राखेच्या मडक्यात टाकलेली मला सापडली.

मला गावाचं काही नव्हतं, दौलत. बोलणाऱ्याचं तोंड कोण धरणार? पण ही बाई उरलेलं सारं आयुष्य तुला खोटारडा समजून काढणार, हे मला सोसवेना. आणि खरं सांगू, मध्यरात्री कधी माझ्याही मनात यायचं, माझं नाक त्या वेळी ठिकाणावर होतं का? माझ्या नाकानं पूर्वी एकदा उलटं सांगितलं होतंच की.

म्हणून परवा दुपारी मी गोदाचा हात धरला आणि तिला मळ्यात घेऊन गेले. किसनला दगड काढायला लावला. तुला नेल्यावर पेव तसंच बंद केलं होतं, खाली ओलं कुटार तसंच कुजत होतं. आम्हा दोघींना पाहून वाटेवरची माणसं जमली, काकाही काठी टेकत आले. मी पणती लावली, टोपलीत ठेवली, टोपलीला दोरी बांधली आणि खाली सोडली.

ज्योत उतरत गेली. आतल्या भिंतीचं सारवण दिसलं, तुझ्या हातांची बोटं उमटलेली. मग पेवाच्या पोटात शिरताना ज्योत बारीक झाली, आडवी झाली आणि गेली. फडफडली नाही, धूरसुद्धा झाला नाही. काका म्हणाले, "वाऱ्यानं इझला."

पेवात कसला वारा? मी दोरी ओढली, पुन्हा पेटवली, पुन्हा सोडली. पुन्हा तिथंच गेली. काका म्हणाले, "तेल कमी असन."

तेव्हा गोदा पुढं आली. तिनं माझ्या हातातून दोरी घेतली, पणतीत काठोकाठ तेल घातलं, वात सारखी केली आणि स्वतः लावली. पदर आडवा धरून तिनं टोपली हळूहळू सोडली, विहिरीत घागर सोडतात तशी, भिंतीला लागू न देता. आम्ही सगळे वाकलो. ज्योत त्याच जागी पोचली, बारीक झाली आणि विझली. गोदा त्या अंधारात बराच वेळ पाहत राहिली. मग ती वळली. काकांकडे तिनं कधी मान वर करून पाहिलं नव्हतं, परवा पाहिलं.

"मामंजी," ती म्हणाली, "दिवा बी दारू पेला होता काय?"

काकांनी काठी उचलली आणि ते वाटेला लागले. मग एकेक करून सगळेच गेले. जाताना एकजण किसनला म्हणाला, "बिचारा!" तुला ते बिचारा त्या दिवशीच मिळायला हवं होतं.

मला वाटलं होतं, आता माझ्या मनाला शांती मिळेल. तू दारूनं गेला नाहीस हे ठरलं, पण मग तू कशानं गेलास ते उघडं पडलं. एक पणती, दौलत! चिमूटभर धूर बुचाला लागेल म्हणून तू एक पणती खाली सोडली नाहीस. मी तिथं उभी राहून तुला मनातल्या मनात वाटेल तसं बोलले. हट्टी म्हटलं, मूर्ख म्हटलं. माझ्या नाकाचं एवढं कौतुक कशाला केलंस, असंही म्हटलं. तू समोर असतास तर कानाखाली वाजवली असती आणि मग तुला पोटाशी धरून रडले असते.

माझं हे चाललं असताना गोदा पेवाच्या तोंडाशी गुडघ्यांवर बसली. मला भीती वाटली, मी तिचा खांदा धरायला गेले. तिनं माझा हात बाजूला केला. दोन्ही तळवे मातीत रोवून ती आत वाकली.

या घरात आल्यापासून तिनं तुझं नाव घेतलेलं मी ऐकलं नाही. घरातून हाक मारायची तर "अवो, आयकलं का?" बाजारात निरोप धाडायचा तर "घरचे म्हनले." आपल्या गल्लीतल्या दुसऱ्या दौलतला सुद्धा ती 'तो तिकडचा' म्हणायची. परवा ती पेवात वाकली आणि छातीतला सगळा श्वास लावून ओरडली, "दौलत!"

खालून तिचाच आवाज वर आला, जाडा होऊन, थोडा उशिरानं. तिनं मान कलती करून कान दिला. मग म्हणाली, "म्या खोटं समजली. आयकलं का? म्या तुमाले खोटं समजली." आणि पुन्हा हाक मारली, आणखी मोठ्यानं, तू मळ्याच्या पलीकडच्या टोकाला असावास तशी. मग पुन्हा. हाक मारायची, थांबायची, कान द्यायची. ऊन उतरेपर्यंत ती तुला हाका मारत होती आणि मी तिला उठवलं नाही.

एकदा तरी ओ द्यायची होतीस रे.